ज्योत थांबत नाही

४ जुलै १९८३, सोम.

बंदी! तीन महिने धावायचं नाही. जिना चढायचा तोसुद्धा सावकाश, पोटुशीसारखा.

सगळं त्या धावण्याच्या शिबिरातल्या तपासणीनं केलं. तिथल्या डॉक्टरनं छातीला नळी लावली ती काढेचना. मग मनगट धरलं, घड्याळ बघितलं, परत धरलं. म्हणाला, "तू जिवंत आहेस ना?" मी म्हटलं, "सकाळपर्यंत तरी होते." सर हसले, पण त्यांच्या कानाच्या पाळ्या लाल झाल्या. कॉलेजात आल्यापासून सरच मला पळवतात, त्यांचे कान मला पाठ आहेत.

म्हणून आज शहरात, रविवार कारंजा चौकातल्या मोठ्या डॉ.कडे. आई आणि मी. छातीचा फोटो, मग वायरी लावून ठोक्यांची पट्टी. डॉ.नी फोटो उजेडाला धरला. हृदय मोठं आहे म्हणाले. पट्टीपण जरा वेगळी. दोन शक्यता. लांबचं धावणाऱ्या मुलांचं असं होतंच, कुदळ मारून दंड भरतात तसं. ठोके कमी पडतात, पण तो आजार नाही. नाहीतर मग जन्माचंच बिघडलेलं. तसं असलं तर धावता धावता एखाद्या दिवशी... आणि हाताची मूठ मिटली. फोटोत म्हणे दोन्ही सारखीच दिसतात. ओळखायची तर थांबून बघायचं. कष्टानं वाढलेलं असेल तर तीन महिन्यांत उतरेल. जन्माचं असेल तर तसंच राहील.

मग विचारलं, "घरात कोणी लहान वयात, अचानक गेलंय?"

आई म्हणाली, "नाय. कोनी नाय."

लगेच म्हणाली. मी तिच्याकडे बघितलं, मग माझ्या चपलांकडे.

५ जुलै

काल पुढचं लिहवलं नाही. आज लिहून टाकते, परत परत नको.

दत्तूदादा. माझ्याहून तीन वर्षांनी मोठा. गेल्या घटस्थापनेला आमच्या मंडळाची पोरं देवीच्या गडावरून ज्योत घेऊन पळत येत होती, दरसालसारखी. अनवाणी, उपाशीपोटी. नेम असा की ज्योत जमिनीला टेकायची नाही आणि थांबायची नाही. एकानं दुसऱ्याच्या हाती द्यायची तीही पळता पळता. दादानं शेवटचा टप्पा भांडून मागून घेतला होता. आम्ही बायका म्हसरूळला, दिंडोरी रस्त्यावर, आरतीची ताटं घेऊन उभ्या. तो आला. आमच्याकडे बघून हसला आणि पडला.

बरोबर पळणाऱ्या पोरानं त्याच्या हातातली ज्योत घेतली आणि पळाला. नेम. मागून कोणीतरी ओरडलं, "वारं आलंय! अंगात आलंय, हात लावू नका!" ढोल जोरात. दादा थरथरत होता, ते तसंच दिसत होतं. आईनं ताटातलं कुंकू त्याच्या कपाळाला लावलं. पाया पडली त्याच्या, पोटच्या पोराच्या. काय आनंद होता तिच्या तोंडावर. सगळ्या बायका रांगेनं पाया पडल्या. मग तो थरथरायचा थांबला, तर म्हणाले, शांत झाली देवी.

वर्षभर गाव म्हणतंय, भाग्याचं पोर, देवीनं पदरात घेतलं. आई त्या एका वाक्यावर जगते. म्हणून ती काल खोटं बोलली असं नाही. तिच्या मते दादा कशानं मेलाच नाही. त्याला नेलं.

आणि मी का गप्प बसले? मी तर बाई शिकलेली. मी गप्प बसले कारण डॉ.नी 'हो' ऐकलं असतं तर तीन महिने नाही, जन्माची बंदी आली असती. उगाच साळसूदपणाचा आव नको.

१० जुलै, रवि.

धा. नाही.

म्हणजे धावले नाही. हे रोज लिहायचं ठरवलं होतं, पण रोज लिहिण्यासारखं ते एकच आहे.

१५ जुलै

सकाळी पाय आपोआप जागे होतात. दादाची सायकल पडवीत आहे. फुलांच्या करंड्या मागे बांधून तो मळ्यातून फुलबाजारात निघायचा आणि मी मागे पळायची. पहिल्यांदा पळाले ते गुलाबाची एक करंडी घसरली म्हणून, ती धरायला. मग रोजचंच झालं. सर म्हणतात, तुझा पाया पक्का आहे, कोणी घातला? मी सांगते, गुलाबानं.

पेठ नाक्याच्या चढावर दादा सायकल लावून बसायचा. "दम खाऊ दे गं जरा." मी चिडवायची, म्हाताऱ्या, चल! आज ते आठवलं आणि भाकरी तशीच ठेवून उठले.

२३ जुलै

सर मळ्यावर आले, आई-नानांना भेटायला. नानांनी खाट टाकली, आईनं चहा. सर म्हणे, "हे खेळाडूचं हृदय आहे, आई. मी पैज लावतो. घोड्याचं असतं असं." नाना म्हणाले, "सर, पोरगी हाय ती. घोडं नाय." सर गोरेमोरे. बिचारे. पुण्याची निवड चाचणी ऑक्टोबरअखेर आहे, माझं नाव त्यांनी धरलंय. जाताना मला बाजूला घेऊन म्हणाले, "तुला कधी धावताना त्रास? चक्कर?"

"नाही सर."

१ ऑगस्ट

धा. नाही. शेवंतीला पाणी दिलं. आई पाटावरही जाऊ देत नाही, म्हणते खोरं ठेव. खोऱ्यानं काय होतंय? घरात मला काचेच्या बरणीसारखी ठेवलीय. चुलतभाऊ हसतात. "मंदाताई, उचलून नेऊ का?" एकाला शेणाचा गोळा फेकून मारला. तेवढंच बरं वाटलं.

१४ ऑगस्ट, रवि.

सटाण्याचं स्थळ आलं! न सांगता-सवरता. कांद्याचे व्यापारी, मुलगा ट्रॅक्टर चालवतो, कानावर केस. मला पाट मांडून बसवलं. मुलाच्या आजीनं माझे पाय बघितले, टाचांच्या भेगा, घट्टे.

"पोर पयस म्हणे? कसाले पयस?"

आई म्हणाली, "कॉलेजात पळायची. आता सोडलं."

सोडलं! मी तोंड उघडणार तर आईनं गुडघा चिमटला. मग आजीबाईंचा खरा प्रश्न. "धडधाकट शे ना? घरमा काई दुखनं-बिखनं?"

"नाय बाई. कायच नाय," आई म्हणाली. तसंच म्हणाली, डॉ.ना म्हणाली होती तसं.

ते गेल्यावर भांडले. छातीचा तो फोटो फडताळात कपड्यांखाली घालून ठेवलाय तिनं, कोणाला दिसू नये म्हणून. मी म्हटलं, उद्या लग्न करून पाठवशील, मग तिकडे काही झालं तर? म्हणाली, "काय व्हतंय तुला? देवी हाय ना." मी म्हटलं, देवी होती की मागच्या वर्षीपण. आईनं हात उगारला, मारला नाही. रात्री जेवली नाही. मीही नाही. नाना एकटेच जेवले आणि दोघींची ताटं झाकून ठेवली.

१७ ऑगस्ट

हे इथेच लिहिते.

सरांशी खोटं बोलले. फेब्रुवारीत चामर लेण्याच्या चढावर डोळ्यांपुढे अंधारी आली होती. पायऱ्या दिसेनात. कठडा धरून उभी राहिले, छातीत फुलपाखरू कोंडल्यासारखं. मग आपोआप गेलं. पुढच्यांना गाठून पहिली आले. एप्रिलमध्ये आणखी एकदा.

उन्हानं असेल. पोटात काही नव्हतं. फेब्रुवारीत कुठलं ऊन म्हणा.

२९ ऑगस्ट

धा. नाही. नाही. नाही.

वजन वाढलं. नाडी जरा जोरात पडते, म्हणजे चांगलंच म्हणायचं. सरांनी शिकवलेलं, उठल्या उठल्या मनगट धरायचं. पूर्वी कमी भरली की खूष व्हायची मी, सगळ्या मुलींना दाखवत फिरायची. आता जास्त भरली की खूष. माणसाचं काही खरं नाही.

८ सप्टें., गुरु.

पळाले असते आज.

गोल्फ क्लबच्या मैदानावरून येत होते, बाकीच्यांचा सराव चालू. बूट पायात नव्हते तरी पाय निघाले. पाच-पन्नास पावलं गेले असेन. मग थांबले, भ्यायले म्हणून नाही. वाटलं, आता पळाले तर तीन महिन्यांनंतरचा तो फोटो कशाचा असेल? फोटोच खोटा पडेल. मैदानाच्या कडेला बसून रडले. एक म्हातारा कुत्रं फिरवायला आला होता, तो कुत्र्यासकट थांबून बघत राहिला. म्हटलं, जा ना आजोबा!

१८ सप्टें.

मंडळाची पोरं नानांकडे. यंदा दत्तूच्या नावानं शेवटचा टप्पा ठेवतोय, म्हसरूळला नानांनी ज्योत हातात घ्यावी, दोन पावलं चालावं. मान तुमच्या घराचा. आईचे डोळे भरून आले. ती लगेच हो म्हणाली.

नाना चाफ्याच्या बुडाशी बसून विडी ओढत होते. म्हणाले, "झेंडू तोडायचा असतो त्या दिवशी. मला सवड नाय."

पोरं म्हणाली, नाना, देवीचं काम आहे.

"माझं पोरगं पडलं तवा तुमी ज्योत उचलली. ती पळवा तुमीच."

नाना वर्षभरात पहिल्यांदा त्यावर बोलले. दादा गेल्यापासून ते दिंडोरी रस्त्याला पाय ठेवत नाहीत, म्हसरूळचं गिऱ्हाईक असलं तरी दुसऱ्याकडून फुलं पाठवतात. पोरं उठून गेली. आई दिवसभर भांडी आपटत होती. संध्याकाळी ऐकलं, देवघरात हळूच म्हणत होती, त्यांचं मनावर घेऊ नको आई.

२७ सप्टें.

विचार केला की दोन्हीकडून तसंच येतं. हृदय उतरलं तर मी धावणार. पुणे. आणि दादाचं वारं गावात वारंच राहणार, आईचं बरं. नाही उतरलं, तर ते दोघांचं एकच. मग दादा तिथे पडला तेव्हा त्याला छातीचं काहीतरी झालं होतं आणि आम्ही सगळ्या ताटं घेऊन उभ्या होतो.

आईला मी बरी हवी आहे, ते काय सांगायला हवं? पण तिला ते नुसतं माझ्यासाठी हवं नाहीये. मला तिचा रागही येतो आणि तिच्या मांडीवर डोकं ठेवून झोपावंसंही वाटतं. दोन्ही एकाच वेळी कसं करायचं ते कळत नाही.

३ ऑक्टो., सोम.

सगळं नीट लिहिते.

फोटो झाला, पट्टी झाली. डॉ.नी जुना आणि नवा शेजारी शेजारी लावले. हसले. "उतरलंय बघ." मलाही दिसलं, खरंच दिसलं, सावलीची कड आत आली होती. मी आईचा हात इतका आवळला की तिच्या बांगड्या रुतल्या. डॉ. म्हणाले, कष्टाचंच होतं बहुतेक. पट्टी अजून थोडी तशीच आहे, पण चालेल. हळूहळू सुरू कर. आणि पेन काढून दाखला लिहायला बसले. सरांनी सांगितलेला, पुण्यासाठी.

अर्धा लिहून झाला होता. माझं नाव झालं होतं.

आई म्हणाली, "डॉक्टरसाहेब, थांबा जरा."

मला वाटलं, फीचं विचारते.

"मागं तुमी विचारलं व्हतं. घरात कोनी गेलंय का. मी नाय म्हनले."

डॉ.नी वर बघितलं.

"गेलाय. माझा पोरगा गेलाय. हिचा भाऊ. पळता पळता पडला. मी तिथंच व्हते." मग पदराचं टोक बोटाला गुंडाळत राहिली, सुटलं की परत. "लोक म्हनले वारं आलंय. माझ्या हातात ताट व्हतं. मी कुंकू लावलं त्याला. पाया पडले. पानी नाय पाजलं, डॉक्टर. कोनाला गाडी बघा म्हनले नाय. कुंकू लावलं."

डॉ.नी पेनाचं टोपण लावलं. मग हळूच विचारलं, आधी कधी काही तक्रार?

"बसायचा मधीच. सायकल लावून. दम खातो म्हनायचा."

पेठ नाका. तिलाही माहीत होतं तर.

मग डॉ. माझ्याकडे वळले. "आणि तुला?"

दाखला तिथेच होता टेबलावर, माझं नाव ओलं. मी 'नाही' म्हणणार होते. तोंडात आलं होतं. आई माझ्याकडे बघतही नव्हती, स्वतःच्या बोटाकडे बघत होती, उजव्या हाताच्या.

"दोनदा," मी म्हटलं. "अंधारी."

डॉ.नी कागद फाडला नाही, घडी करून खणात ठेवला. म्हणाले, उतरलंय हे चांगलंच आहे, घाबरू नका. पण घरात असं झालेलं असताना मी नुसत्या फोटोवर सही करणार नाही. मुंबईच्या इस्पितळात आवाजावरून हृदयाचं चित्र काढणारं यंत्र आहे, भिंतीची जाडी दिसते त्यात. चिठ्ठी दिली. तोवर एक पाऊलही पळायचं नाही.

४ ऑक्टो.

आईशी बोलत नाही. काल घरी येईपर्यंत बोलले नाही. रिक्षात ती माझा हात धरायला आली, मी पिशवी मांडीवर घेतली.

दुपारी मात्र फुटले. झेंडूच्या ढिगापाशी. म्हटलं, आजच बरं आठवलं तुला? तीन महिने कुठे होतीस? सही राहिली होती नुसती! वर्षभर देवी देवी केलंस, मग अजून एक दिवस करायचं होतंस!

ती झेंडू निवडतच राहिली. मग म्हणाली, "फोटो चांगला आला म्हनाले आन् तू हसलीस. दत्तू असाच हसला व्हता. म्हसरूळला." आणि थोड्या वेळानं, "एकदा लावलं कुंकू. परत नाय लावायचं मला."

मी उठून विहिरीकडे गेले. किती वाईट बोलले मी. ती एवढं वर्षभर गोळा करून बसली होती ते सगळं एका मिनिटात माझ्यासाठी टाकून दिलं, आणि मी सहीचं बोलत होते.

५ ऑक्टो.

बोललो. म्हणजे ती म्हणाली भाकरी खा, मी खाल्ली.

७ ऑक्टो., शुक्र. घटस्थापना

घट बसवले. आईनं सगळं केलं, माती, सात धान्यं, माळ. मला वाटलं नव्हतं करेल. म्हणाली, "तिचं काय चुकलं? डोळे माझे फुटले व्हते."

मग म्हणाली, चल. म्हसरूळला. मी म्हटलं, कशाला जायचं? तिनं तांब्या घेतला, पाण्याचा. ताट नाही घेतलं. बायका बघत होत्या, ताटाशिवाय आली ही.

नऊ-साडेनऊला ढोल ऐकू आला. पोरं आली. पुढे आमच्या गल्लीतला विठ्ठल, अठराचा असेल, ओठ पांढरे, तोंड उघडं. आई रस्त्यात आडवी झाली. खरंच आडवी झाली, त्याचं मनगट धरलं.

"दम लागलाय का रे? छातीत दुखतंय का? खरं सांग."

सगळे ओरडायला लागले. काकू, सोडा! ज्योत थांबत नसती! मंडळाचा अध्यक्ष गाडीतून उतरून धावत आला. आई म्हणाली, "थांबल. आज थांबल." विठ्ठल एका जागी पाय हलवत राहिला, ज्योत वर धरून, घाबरून इकडेतिकडे बघत. आईनं तांब्या त्याच्या तोंडाला लावला. उपास आहे काकू, म्हणाला. "पानी चालतं," आई म्हणाली. तो प्यायला. गटागटा, अर्धं छातीवर सांडलं. मग तिनं सोडलं त्याला.

ज्योत गेली. गर्दी आमच्याकडे बघत राहिली. कोणी म्हणालं, दत्तूची आई बिचारी, डोक्यावर परिणाम झालाय. कोणी म्हणालं, अपशकुन केला. यंदा काही वाईट झालं की आमच्याच नावावर. आई अडखळत निघाली. मी तिचा हात धरला, माझ्यापेक्षा तीच पडेल असं वाटलं.

वळणावर नाना. सायकल घेऊन, दादाची, दिंडोरी रस्त्यावर. कधी आले होते, किती वेळ उभे होते, विचारलं नाही. आईला कॅरिअरवर बसवलं आणि हातानं ढकलत घरी नेलं.

९ ऑक्टो., रवि.

उद्या मुंबई. नाना एसटी स्टँडपर्यंत येणार, आई पुढे माझ्याबरोबर. तिथे कुठे उतरायचं, इस्पितळात कोणाला विचारायचं, सगळं सरांनी दोनदोनदा सांगितलं. पुण्याच्या यादीतून माझं नाव काढलं का, मी विचारलं. म्हणाले, "नाही काढलं अजून." मग म्हणाले, "मंदा, मी तुला विचारलं होतं चक्कर येते का. मला सांगायचंस गं." कान लाल नव्हते, डोळे होते. मी सॉरी म्हटलं.

सटाण्याहून निरोप आला, मुलाला दुसरीकडे बघितलं. म्हसरूळची बातमी पोचली असणार. आईनं ऐकून घेतलं आणि म्हणाली, बरं झालं, केसांत कानही दिसत नव्हता त्याचा.

बॅग भरली. धावायचे बूट बाहेर काढले, परत आत ठेवले, परत काढले. आई म्हणाली, घे की. मी म्हटलं, कशाला? "असू दे," म्हणाली.

दुपारभर झेंडूच्या माळा ओवल्या. ओवता ओवता आई मधेच माझं मनगट धरते. तिला मोजता येत नाही, घड्याळही नाही. नुसतं आहे का बघते, आणि सोडते. थोड्या वेळानं परत. मी दुसऱ्या हातानं ओवत राहिले. शेवटी तो धरलेला हात सरळ तिच्याकडेच देऊन टाकला.

पहाटेची गाडी आहे.